सिंधूकाठची माती

वाचकहो, नदीकाठची जमीन म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कृष्णा-गोदेचा काठ उभा राहतो. काळीभोर मळई, डोक्यावर गेलेला ऊस, पूर ओसरल्यावर गाळपेर केलेला हरभरा. ज्याचे रान नदीला लागून, त्याच्या घरी डोळे मिटून मुलगी द्यावी, असा आपला जुना हिशेब. आज तुम्हांला मी अशा एका नदीच्या काठी नेणार आहे की जिथे पाणी बारमाही आहे, काठाला सपाट जमीन आहे, गाळही आहे, आणि तरीसुद्धा जुन्या माणसांनी बहुतेक गावे वसवताना त्या सपाटीपासून जरा लांबच राहणे पसंत केले. नदीचे नाव सिंधू आणि मुलूख लडाख.

लडाखचे नाव तुम्हांला नवे नाही. गावातला कोणी ना कोणी फौजेत असतोच आणि त्याने एखादा हिवाळा लेहला काढलेला असतो. १९९७ पासून तिथे सिंधू दर्शनाचा उत्सव भरतो, त्यालाही आपल्याकडची मंडळी जातात. ती घाटावर आचमन करतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. शेतकऱ्याच्या डोळ्याने मात्र तिथे निराळेच काही दिसते. म्हणून आपण आज देवदर्शनाआधी माती पाहू.

आधी हवामान समजून घ्या, नाहीतर मातीचा उलगडा होणार नाही. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी ती लेहच्या खालीच राहील. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास. कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशी जेवढा पडतो, तेवढा तिथे सबंध वर्षात! आपण माण-आटपाडीला दुष्काळी म्हणतो, पण तिथल्यापेक्षा इथे कितीतरी पट पाऊस पडतो. दक्षिणेकडून येणारे पावसाळी ढग हिमालयाच्या रांगा अडवतात आणि पलीकडे उरते ती कोरडी हवा. हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. उन्हाळ्यात दुपारी ऊन चटका देते, पण सावलीत गेलात की अंगावर शाल हवी. पीक घ्यायला मिळतात ते मे ते सप्टेंबर, फार तर पाच महिने.

आता मातीकडे वळू. आपल्या दख्खनचा काळा पाषाण ऊन आणि पाऊस यांनी हजारो वर्षे कुजत गेला, त्याची चिकण काळी माती झाली. दगड कुजायला ओल लागते आणि ऊब लागते. लडाखात दोन्हींचा दुष्काळ. तिथे दगड फुटतो तो थंडीने. भेगेत पाणी शिरते, रात्री गोठते, गोठताना फुगते आणि पाचर ठोकावी तसा दगड उकलतो. वर हिमनद्या आहेत, त्या पुढे सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतात. तेव्हा आपली माती हा कुजलेला दगड आणि तिथली माती हे दळलेल्या दगडाचे पीठ, असे समजा. चिकणमातीचा अंश त्यात थोडा. मूठभर घेऊन वळकटी करू पाहिलीत तर ती वळत नाही, बोटांतून सांडते. उन्हात धरली तर चमचमते, कारण तिच्यात अभ्रकाचे कण असतात.

लेहच्या बाजारातून उताराला लागा. खाली चोगलमसर लागते आणि तिथून मनालीचा रस्ता नदीच्या वरच्या अंगाला निघतो. शे, ठिकसे, स्तकना, कारू अशी गावे एकामागून एक येतात. उजव्या हाताला सिंधूचे पात्र. डाव्या हाताचे डोंगर कणखडकाचे, म्हणजे ज्याला ग्रॅनाइट म्हणतात त्याचे. नदीपलीकडचे डोंगर गाळाच्या खडकांचे, जांभळट-तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे. दोन्हीकडून ओढे गोटे, वाळू आणि पोयटा खाली आणतात, आणि डोंगर संपतो तिथे सुपातून धान्य ओतावे तसा त्याचा पंखा पसरतो. हे पंखे आणि नदी यांच्यामध्ये जी सपाटी उरते, ती नदीची पूरजमीन. स्तकन्यापासून स्पितुकपर्यंत ती बऱ्यापैकी रुंद आहे. एरवी सिंधू लडाखात पुष्कळ ठिकाणी अरुंद दरीतून धावते, म्हणून या पट्ट्याचे मोल मोठे.

नदीने काठ कातरला असेल अशी जागा शोधा आणि खाली उतरून ती धस नीट पाहा. भाकऱ्यांची चळत ठेवावी तसे थर दिसतील. हातभर बारीक पोयटा, त्याखाली वाळूचा पट्टा, मग गोट्यांचा थर, मध्येच एखादी काळपट मुळांची रेघ, पुन्हा पोयटा. काळपट रेघ म्हणजे कोण्या काळचे गवताचे कुरण, जे पुढच्या पुराने गाडले. वेगाने वाहणारे पाणी जड माल टाकते, रेंगाळलेले पाणी बारीक गाळ टाकते, आणि नदी कूस बदलत राहते. आपल्या काळ्या रानात चार फूट खणले तरी माती साधारण एकसारखीच लागते. इथे वीतभर अंतरावर जात बदलते. नदी अजून त्या जमिनीवर काम करते आहे, तिला मुरायला उसंतच मिळालेली नाही.

या थरांचा पिकाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. फार मोठा संबंध आहे. बारीक पोयट्याच्या खाली भरड वाळू असली, तर वरून दिलेले पाणी लगेच खाली उतरत नाही. बारीक माती ते धरून ठेवते आणि पुरती भिजल्याशिवाय सोडत नाही. अशा जागी पीक दोन पाण्यांमधला ताण सोसते. पण नदीच्या पाण्यापासून थेट वरपर्यंत बारीक गाळच असला, तर दिव्यातले तेल वातीतून चढावे तसे खालचे पाणी वर चढते. हवा कोरडी, ऊन कडक, दुपारनंतर वारा सुटलेला. पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार वर राहतात. म्हणून एकाच वाफ्यात इथे जव तरारलेला आणि चार पावलांवर पांढरे फटक दिसते. वरून माती एकच, फरक असतो तो पोटात.

हे पांढरे डाग लडाखच्या पूरजमिनीचे खरे दुखणे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे दुखणे सांगायला नको. उसाला मोजमाप न करता पाणी दिले, निचरा नाही, आणि सोन्यासारखी जमीन खारपड झाली, हे त्यांनी पाहिले आहे. पण आपल्याकडे निदान पावसाळ्यात वरून पाणी कोसळते आणि चर काढलेले असतील तर थोडेफार क्षार धुऊन नेते. लडाखात धुवायला पाऊसच नाही. एकदा वर आलेला क्षार तिथेच बसतो. जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी, त्यात हा सोडा. भगिनींसाठी एक गंमत सांगून ठेवतो. लडाखी लोक लोणी आणि मीठ घालून घुसळलेला चहा पितात, त्याला रंग यावा म्हणून चिमूटभर सोडा टाकतात, आणि तो सोडा नुब्राकडच्या भागात जमिनीवर येणाऱ्या अशाच पांढऱ्या थरातून खरवडून आणण्याची रीत होती. शेताचा शत्रू असा चहाच्या भांड्यात कामाला लावलेला.

जिथे पाणी अगदी वर आहे, तिथे नांगर घालण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. तिथे कुरण असते. गवताची मुळे एकमेकांत गुंतून गादीसारखा थर होतो, पाय ठेवला की तो दबतो आणि ओल वर येते. थंडीमुळे ही मुळे लवकर कुजत नाहीत, साठत जातात. साऱ्या लडाखात मातीत सेंद्रिय अंश कमी. डोंगरउताराच्या उघड्या जमिनीत तर नावालाच. पण या ओल्या कुरणात तो भरपूर सापडतो. थंडीचा असा दुहेरी स्वभाव आहे. ती कुजू देत नाही म्हणून काळा अंश टिकतो, आणि ती वाढू देत नाही म्हणून मुळात कुजायला फारसे काही नसते.

मग गावे कुठे? वर सांगितलेल्या पंख्यांवर. लडाखातले बहुतेक जुने गाव ओढ्याच्या तोंडाशी, उतारावर, दगडी ताली रचून केलेल्या लहान लहान वाफ्यांत बसलेले असते. तिथे निचरा चांगला, म्हणून क्षार धरत नाही. ओढ्याचे पाणी आपल्या वजनाने पाटात उतरते. सिंधूचे पाणी मात्र पुष्कळ ठिकाणी खोल, ते वर चढवायचे कसे? आणखी एक कारण आहे, ते आपल्या द्राक्षबागाईतदारांना लगेच पटेल. रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि दरीच्या तळाशी साचते. नदीकाठच्या सखल रानाला कडाका आधी झोंबतो आणि उशिरा सोडतो. पाच महिन्यांच्या हंगामात आठ-दहा दिवसांचा फरक पडला तरी दाणा भरतो की नाही, हे त्यावर ठरते.

तरीही शे, ठिकसे आणि पलीकडच्या काठाला लांबलचक पसरलेले चुशोत इथे माणसाने पूरजमीन हाती घेतली. नदी तिथे फार खोल नाही, वरच्या अंगाने पाट काढता येतो. हा पट्टा पाहिलात तर उघड्या डोंगरांमध्ये हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी वाटते. जव, गहू, वाटाणा, मोहरी, बटाटा, लसूणघास, बांधाला वाळुंज आणि पॉपलरची झाडे. ही सतरंजी नदीने अंथरलेली नाही. नदीने दिली ती वाळू, गोटे आणि खारा पोयटा. माती केली ती माणसांनी.

ती कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. एक तर पाण्यानेच. वितळलेल्या बर्फाचे पाणी गढूळ येते आणि दर भिजवणीला कागदाएवढा थर वाफ्यात सोडून जाते. पिढ्यान् पिढ्या हे चालले की वाळूवर बारीक मातीचा थर चढतो. दुसरे, जनावरांच्या गोठ्यातले खत. तेही सगळे शेतात जात नाही, कारण झाडझाडोरा कमी आणि हिवाळा लांब, तेव्हा शेणाच्या गोवऱ्या चुलीला लागतात. हा तिढा आपल्याही ओळखीचा. मग उरते ते सोनखत. जुन्या लडाखी घरात वरच्या मजल्यावर कोरडा संडास असतो. जमिनीत चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडे. काम झाले की फावडेभर माती किंवा राख लोटायची. पाण्याचा थेंब नाही, घाणही जाणवत नाही. खालच्या खोलीत ते साठते, मुरते आणि वसंतात शेतात जाते. लडाखच्या मातीत नत्राची मोठी चणचण, ती या खतावर पुष्कळशी भागत आली. आपल्याकडे सोनखत म्हटले की लोक नाक मुरडतात. नाव मात्र आपल्याच पूर्वजांनी ठेवले आहे, आणि ते उगाच ठेवलेले नाही.

पाण्याची वाटणी हाही मातीचाच भाग समजा. ओढ्यांना पाणी सकाळी कमी असते. दिवसभर वर बर्फ वितळते आणि संध्याकाळकडे ओढा फुगतो. म्हणून रात्रीचे पाणी तळ्यात अडवून ठेवतात, त्या तळ्याला झिंग म्हणतात, आणि सकाळी ते पाटात सोडतात. गावात एक चुरपोन असतो. आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसाच हा पाण्याचा कारभारी. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी, हे तो ठरवतो आणि भांडणे मिटवतो. वाळूसर जमिनीला पाणी वरचेवर लागते, म्हणून एक पाळी चुकली तर जव मान टाकतो. आणि सखल रानात पाळीपेक्षा जास्त दिले तर क्षार वर येतो. एकाच गावात दोन टोकांच्या दोन जमिनी, आणि एकच चुरपोन. त्याची कसरत तुमच्या लक्षात येईल.

आता वर्षाचे चक्र बघा. हिवाळ्यात माती कित्येक फूट खोल दगडासारखी गोठते. वसंतात वरची वीतभर आधी सुटते, खालची गोठलेलीच. वितळलेले पाणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून नदीकाठच्या रानात काही दिवस नुसता राडा. वाफसा येण्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहायला तर सवड नसते. झंस्कारकडे बर्फ जास्त पडतो. तिथे शरद ऋतूतच घरात माती साठवून ठेवतात आणि वसंतात ती शेतातल्या बर्फावर फेकतात. काळपट माती ऊन शोषते, पांढरा बर्फ ऊन परतवतो. अशाने बर्फ लवकर वितळतो आणि पेरणी काही दिवस आधी साधते. शाळेत न शिकवता आलेले हे शास्त्र आहे.

नांगरट झोच्या जोडीने. झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकराचा नर, थंडीला याकसारखा आणि वळणाला बैलासारखा. हल्ली सखल भागात ट्रॅक्टर आले आहेत, पण लहान तालींवर झोला पर्याय नाही. काढणीची एक रीत पाहून मला नवल वाटले. जव विळ्याने कापण्याऐवजी पुष्कळदा मुळासकट उपटतात. माती भुसभुशीत, म्हणून ते जमते, आणि लांब हिवाळ्यात जनावरांना काडीन् काडी हवी असते. पण त्यामुळे शेतात धसकटसुद्धा उरत नाही. मातीने दिले ते सगळे घरी गेले. आता ते परत आणायचे ते खतानेच, हा हिशेब पक्का ध्यानात घ्या.

कारण हाच हिशेब आता बिघडतो आहे. लेह परिसरात पाहुणे वाढले, हॉटेले झाली आणि पाण्याचे संडास आले. ज्या मातीला नत्र हवे, तिच्या वाट्याचे सोनखत आता सेप्टिक टाक्यांत जाते, आणि ते वाहून न्यायला लागणारे पाणी बोअरवेलमधून उपसले जाते. त्या जागी युरियाची गोणी डोंगर ओलांडून येते. युरियाने जव हिरवा होईल, पण वाळूला धरून ठेवणारा काळा अंश त्यातून मिळत नाही. पाहुण्यांच्या सोयीवर मी टीका करत नाही, त्यांच्यावर आज कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण ज्या जमिनीत मूळचा जीव थोडा, तिथे पाच-दहा वर्षे खत चुकले तर ते लगेच दिसते. काळ्या रानासारखी पूर्वजांची शिल्लक तिथे नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह भागात ढगफुटी झाली. ज्या मुलखात पाऊस सालभरात बोटभर, तिथे तासाभरात ओढे दगड-चिखल घेऊन खाली आले. दोनशेहून अधिक माणसे गेली. चोगलमसरला मोठा तडाखा बसला. पुष्कळ शेतांवर गोटे आणि चिखल यांचा थर बसला. आपल्याकडे पूर येऊन गेला तर गाळाने पुढचे पीक चांगले येते, असे आपण म्हणतो. तिथला हा गाळ तसा नव्हता. तो सरसकट मिसळलेला, गोट्यांनी भरलेला, काळ्या अंशाचे नाव नसलेला. असे शेत साफ करून पुन्हा पाणी, पुन्हा खत, पुन्हा बारीक मातीचा थर, हे करायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. सिंधूचा नेहमीचा पूर वेगळा, तो जून ते ऑगस्ट या काळात बर्फ वितळून सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. डोंगरउतारावर झाडोरा नाही आणि मातीला चिकटपणा नाही, म्हणून पाऊस मात्र थोडा जोराचा झाला तरी तिथे संकट होते.

उघड्या पठारी जमिनीला पाणी देण्यासाठी इगू ते फे असा चाळीस किलोमीटरहून लांब कालवा सिंधूतून काढला आहे. कित्येक वर्षे त्याचे काम चालले. कालव्याखालची जमीन वाळूसर, पाणी भराभर पिणारी. तिथे पाणी पोचले, पण माती करायचे काम मागे उरते, आणि ते कोणत्याही ठेकेदाराला देता येत नाही. वाळुंज, पॉपलर आणि लसूणघास आधी, जव नंतर, हा क्रम तिथे शहाणपणाचा. लसूणघास मुळांनी नत्र जमवतो आणि खोलवर जातो.

या साऱ्यात एक झुडूप मात्र पूरजमिनीवर खुशाल वाढते. हिंदीत त्याला छरमा म्हणतात. काटे बाभळीला लाजवतील असे, पाने रुपेरी, आणि शरदात फांदीला नारिंगी फळे अशी लगडतात की फांदी दिसू नये. डाळवर्गीय नसूनही त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि हवेतले नत्र ते मातीत आणते. वाळू चालते, गोटे चालतात, थोडा खारही चालतो, आणि मुळांचे जाळे नदीचा काठ धरून ठेवते. पूर्वी याचा उपयोग बांधावर काटे घालायला आणि सरपणाला. फळ आंबट, क जीवनसत्त्वाने भरलेले. लेहच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने त्याचा रस टिकवण्याची रीत काढली आणि २००१ च्या सुमारास तो बाजारात आला. तेव्हापासून नदीकाठच्या काटेरी रानालाही मोल आले.

तुम्ही सप्टेंबरात गेलात, तर ठिकसेच्या खाली नदीच्या अंगाला बायका-माणसे ही फळे गोळा करताना दिसतील. झुडपाखाली कापड अंथरायचे आणि फांदीला काठीने झोडायचे, कारण काट्यांत हात घालता येत नाही. तोवर जव खळ्यावर पडलेला असतो, पाटाचे पाणी आटत आलेले असते, आणि सकाळी कुरणाच्या कडेला पहिला पातळ बर्फ धरलेला असतो. पुढे महिना-दीड महिन्यात माती गोठू लागते, ती थेट मार्चपर्यंत.